फ्रान्स सुटल्यावर मुलांची फ्रेंच शाळा: मराठी कुटुंबांसाठी मार्गदर्शक

पॅरिस, तुलूज, ग्रनोबल, लियों इथे नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी घरांतली मुलं घरी मराठी आणि शाळेत फ्रेंच बोलत मोठी होतात. मग बदली येते. लंडन, दुबई, सिंगापूर, टोरांटो, नाहीतर थेट मुंबई. व्हिसा, घर, सामानाचा कंटेनर या धावपळीत शाळेचा विचार सगळ्यात शेवटी होतो आणि घराजवळची बरी इंग्रजी शाळा बघून प्रवेश घेतला जातो. फ्रेंच काय, येतंच आहे त्याला, असं वाटत असतं. काही महिन्यांत मूल फ्रेंचमध्ये विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देऊ लागतं, पुढे फ्रेंच पुस्तक हातात घ्यायला कंटाळतं, आणि तेव्हा शोधाशोध सुरू होते.

ही शोधाशोध निघण्याआधीच कशी करायची, कुठल्या देशात काय मिळतं आणि कोणाला काय परवडतं, ते इथे क्रमाने मांडलं आहे. आईवडिलांपैकी एक फ्रेंच आणि एक मराठी अशा घरांनाही हे लागू आहे. शिष्यवृत्तीचा भाग तर मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

आधी ठरवा: फ्रेंच कशासाठी?

शाळा शोधण्याआधी दोघांनी बसून एका प्रश्नाचं उत्तर काढायचं: तीन-चार वर्षांनी हे मूल कुठल्या शाळेत बसलेलं असेल? उत्तर 'परत फ्रान्समध्ये' किंवा 'आणखी कुठल्या देशातल्या फ्रेंच लिसेत' असं असेल (परदेशातल्या फ्रेंच शाळेला सर्रास लिसे म्हणतात, मग वर्ग कुठलेही असोत), तर फ्रेंच अभ्यासक्रमात खंड पडू देऊ नका. उत्तर 'नव्या देशातच, तिथल्याच शाळेत' असं असेल, पण फ्रेंच लिहिता-वाचता यावं आणि पुढे फ्रेंच विद्यापीठाचा पर्याय हातात राहावा असं वाटत असेल, तर लिसेची फी भरायची सक्ती नाही; मात्र दर आठवड्याचे ठरलेले तास मोडायचे नाहीत. नुसतं बोलता आलं तरी पुरे असेल, तर काम आणखी हलकं होतं.

बहुतेक मराठी कुटुंबं मधल्या गटातली असतात, पण वागतात मात्र दोन टोकांसारखी. कोणी 'न जाणो, परत गेलो तर' म्हणून झेपत नसलेली फी भरत राहतात, तर कोणी 'आता इथे कुठलं फ्रेंच' म्हणून सगळंच सोडून देतात. मधल्या गटासाठी पुष्कळ चांगल्या सोयी आहेत आणि या लेखाचा मोठा भाग त्यांच्याचबद्दल आहे.

मुलाचं वयही इथेच लक्षात घ्या. अकरा वर्षांची, फ्रेंच कादंबऱ्या वाचणारी मुलगी भाषा सहजासहजी विसरत नाही, कारण वाचन तिला धरून ठेवतं. चार वर्षांचा मुलगा कितीही फाडफाड बोलत असला, तरी त्याला अजून अक्षरओळख नाही, त्यामुळे त्याचं फ्रेंच लवकर पुसलं जातं. दोन भावंडं असतील तर मोठ्याच्या दहावी-बारावीची काळजी सगळे करतात. फ्रेंचच्या बाबतीत आधी धाकट्याची करा.

फ्रान्स सोडण्याआधी गोळा करायचे कागद

फ्रान्समधल्या शाळा जुलैच्या सुरुवातीला बंद होतात आणि ऑगस्टच्या अखेरीपर्यंत तिथे फोन उचलायलाही कोणी नसतं. म्हणून उन्हाळ्यात निघणार असाल तर मे-जूनमध्येच मुख्याध्यापकांकडे 'सर्तिफिका द रादियासियों' मागा. आपल्याकडच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखाच हा कागद, आणि पुढची कुठलीही फ्रेंच शाळा तो पहिल्याच दिवशी विचारते. माध्यमिक शाळेत याला 'एक्झेआ' असंही म्हणतात. अर्जावर आईवडील दोघांच्या सह्या लागू शकतात. एक जण आधीच नव्या गावी रुजू झालेला असेल तर हे काम नेमकं इथेच अडतं.

सोबत 'लिव्रे स्कोलेर', म्हणजे प्रगतिपुस्तकं, किमान दोन-तीन वर्षांची घ्या. मूल कोलेजमध्ये (माध्यमिक शाळेत) असेल आणि शाळा प्रोनोट हे गुणांचं ऑनलाइन खातं वापरत असेल, तर त्यातली सत्रनिहाय गुणपत्रकं उतरवून ठेवा. शाळा सुटली की खातं कधी बंद होईल सांगता येत नाही. लसीकरणाची नोंद असलेलं 'कार्ने द सांते' हातातल्या बॅगेत ठेवा, कंटेनरमध्ये नको.

आणि मुलाच्या वह्या टाकून देऊ नका. चौकशीला गेल्यावर शिक्षिकेने ती वही चाळली की मुलाची पातळी तिला लगेच समजते. निकालपत्रावरच्या शेऱ्यांतून तेवढं कळत नाही.

वर्गांचं गणित

फ्रेंच शाळेत वर्ग कॅलेंडर वर्षावर ठरतो. ज्या वर्षी मूल तीन वर्षांचं होतं त्या वर्षीच्या सप्टेंबरात ते मातेर्नेलच्या, म्हणजे बालवाडीच्या, पहिल्या वर्गात जातं. २०१९ च्या कायद्याने फ्रान्समध्ये शिक्षण वयाच्या तिसऱ्या वर्षापासून सक्तीचं झालं आहे. मातेर्नेलची तीन वर्षं झाली की सीपी, म्हणजे आपली पहिली. मग सीई१, सीई२, सीएम१, सीएम२. त्यानंतर चार वर्षांचं कोलेज, त्यातले वर्ग उलटे मोजतात: सहावी, पाचवी, चौथी, तिसरी. शेवटी तीन वर्षांचं लिसे: सगोंद, प्रमियेर, तेर्मिनाल. कोलेजच्या शेवटी ब्रेव्हेची परीक्षा, लिसेच्या शेवटी बाकची.

गोंधळ होतो तो वर्षाच्या शेवटच्या चार महिन्यांत जन्मलेल्या मुलांचा. ऑक्टोबर २०१९ मध्ये जन्मलेली मुलगी फ्रान्समध्ये सप्टेंबर २०२५ ला सीपीत गेली, पण इंग्लंडमध्ये तिचा वर्ग इयर वन ठरतो. मार्च २०१९ चा तिचा सीपीतलाच सोबती मात्र तिकडे इयर टूमध्ये बसतो. 'मुलीला एक वर्ष मागे टाकलं' म्हणून पालक घाबरतात. तसं काही नसतं, तिकडची मोजणी १ सप्टेंबरपासून होते एवढंच. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात (टोरांटो इथेच) कॅलेंडर वर्षच धरतात, त्यामुळे तिथे वर्ग बरोबर जुळतात.

फ्रेंच लिसे: काय तपासायचं

परदेशांतल्या फ्रेंच शाळांचं मोठं जाळं फ्रेंच परराष्ट्र खात्याच्या अखत्यारीतली एईएफई ही संस्था सांभाळते. १९९० च्या कायद्याने ती स्थापन झाली. सुमारे १४० देशांत मिळून ६०० च्या आसपास शाळा तिच्या जाळ्यात आहेत. काही शाळा ती थेट चालवते, काहींशी तिचा करार असतो आणि बाकीच्या भागीदार म्हणून जोडलेल्या असतात. पालकांच्या दृष्टीने यातला फरक मुख्यतः फी, व्यवस्थापन आणि शिक्षकांच्या नेमणुकीत दिसतो.

यापेक्षा महत्त्वाचा शब्द 'होमोलोगे'. फ्रान्सचं शिक्षण मंत्रालय ज्या शाळेचा अभ्यासक्रम फ्रान्समधल्या शाळेइतकाच मानतं ती होमोलोगे शाळा. अशा शाळेतून मूल फ्रान्समधल्या सरकारी शाळेत किंवा जगातल्या दुसऱ्या होमोलोगे शाळेत प्रवेश परीक्षा न देता जाऊ शकतं. पाटीवर 'फ्रेंच' किंवा 'इंटरनॅशनल लिसे' लिहिलं म्हणजे शाळा होमोलोगे असतेच असं नाही. शिवाय ही मान्यता शाळेला सरसकट मिळत नाही, ती इयत्तांच्या टप्प्यानुसार मिळते. एखादी शाळा सीएम२ पर्यंत मान्य असते आणि कोलेजच्या वर्गांना मान्यता नसते. म्हणून शाळेला विचारायचा प्रश्न असा: 'माझ्या मुलाची इयत्ता आणि तिच्या पुढच्या तीन इयत्ता होमोलोगे आहेत का?' एईएफईच्या संकेतस्थळावर देशनिहाय शोध आहे, तिथेही पडताळून घ्या.

मूल होमोलोगे नसलेल्या शाळेतून येत असेल, तर वरच्या वर्गांसाठी साधारणपणे चाचणी घेतात. मातेर्नेलमध्ये फ्रेंच न येणारी मुलंही सामावून घेतली जातात. सीपीनंतर ते अवघड होत जातं. म्हणून 'दोन वर्षं इंग्रजी शाळेत घालू, मग बघू' हा बेत करण्याआधी तो कितव्या वर्षी करताय ते बघा.

आता फी. फ्रेंच सरकारचा पाठिंबा आहे म्हणून शिक्षण फुकट असेल, असा समज फ्रेंच नागरिकांचाही असतो. फी असते, बहुतेक ठिकाणी पहिल्या प्रवेशाचं वेगळं शुल्कही असतं, आणि अमेरिकेत ती तिथल्या खासगी शाळांच्या तोडीची असते. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागू झाला आहे, तो हिशेबात धरा. कंपनी फी देणार असेल तर किती वर्षं देणार हे पत्रात लिहून घ्या. मूल कोलेजच्या मध्यावर असताना ही सवलत संपली तर फार ओढाताण होते, मुलाची आणि घराचीही.

शिष्यवृत्ती फक्त फ्रेंच नागरिकत्व असलेल्या मुलांना मिळते. मूल किमान तीन वर्षांचं, परदेशी राहणाऱ्या फ्रेंच नागरिकांच्या नोंदवहीत नाव असलेलं आणि होमोलोगे शाळेत शिकणारं हवं. अर्ज दूतावासाच्या कॉन्सुलेटमार्फत करायचा. कुटुंबाचं उत्पन्न आणि मालमत्ता बघून फीचा किती टक्के भाग मिळेल ते ठरतं. आई मराठी, वडील फ्रेंच अशा घरांत पुष्कळदा मुलाची नोंदच कॉन्सुलेटमध्ये केलेली नसते. ती पोहोचल्या पोहोचल्या करून टाका. भारतीय पासपोर्टवरच्या मुलांना ही शिष्यवृत्ती नाही, पण फ्रेंच शाळेतून आलेलं मूल म्हणून प्रवेशाच्या रांगेत अनेक शाळांत त्यांना पुढचा क्रम मिळतो. अर्जात ही गोष्ट ठळक लिहा.

काही शहरांची माहिती. लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टनचं लिसे शार्ल द गोल १९१५ पासून आहे. केंटिश टाउनमधली द्विभाषिक शाळा २०११ मध्ये आणि वेम्ब्लीतलं विन्स्टन चर्चिल यांच्या नावाचं आंतरराष्ट्रीय लिसे २०१५ मध्ये सुरू झालं. हॅरो परिसरातल्या मराठी मंडळींना यातलं वेम्ब्लीच सोयीचं पडतं. दुबईत लिसे जॉर्ज पाँपिदू, सिंगापूरला आंग मो किओ भागातली इंटरनॅशनल फ्रेंच स्कूल. सप्टेंबरच्या प्रवेशासाठी आदल्या हिवाळ्यातच हालचाल करा. बदलीचं पत्र उशिरा हाती आलं, तर प्रतीक्षायादीत नाव घालून दर महिन्याला नम्रपणे आठवण करत राहा. नोकरदार परदेशी कुटुंबं सतत येत-जात असतात, जागा मध्येच रिकाम्या होतात.

कॅनडाला जात असाल तर

इथे थोडं थांबून वाचा, कारण फ्रान्समधून टोरांटो-मिसिसॉगाकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांना सगळ्यात चांगली सोय इथे मिळू शकते, आणि ती पुष्कळांना माहीतच नसते.

ऑन्टॅरिओत फ्रेंच शिकवण्याचे दोन अगदी वेगळे मार्ग आहेत. पहिला फ्रेंच इमर्शनचा. इंग्रजी मंडळांच्या शाळांत, इंग्रजी घरांतल्या मुलांना फ्रेंच यावं म्हणून तो चालवतात. या पद्धतीची सुरुवात १९६५ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या सें-लाँबेरमध्ये झाली. ऑन्टॅरिओत इमर्शनच्या मुलाला आठवीअखेर किमान ३,८०० तास फ्रेंचमधून शिक्षण मिळायला हवं असा नियम आहे. दुसरा मार्ग फ्रेंच भाषेच्या शाळांचा. प्रांतात १२ फ्रेंच शिक्षण मंडळं आहेत. टोरांटो भागात व्हियामोंद हे सार्वजनिक आणि मोनाव्हनिर हे कॅथलिक. या शाळांत सगळे विषय फ्रेंचमधून असतात, मुख्याध्यापकांपासून मैदानापर्यंत सगळा व्यवहार फ्रेंचमधून चालतो, आणि सरकारी असल्यामुळे फी नाही.

फ्रान्समध्ये चार वर्षं शिकलेलं मूल इमर्शनच्या वर्गात बसवलं, तर रंग आणि आठवड्याचे वार शिकणाऱ्या मुलांमध्ये ते बसतं. ते कंटाळतं, आणि कंटाळलेलं मूल मधल्या सुट्टीत सगळ्यांसारखं इंग्रजीच बोलतं. अशा मुलाने फ्रेंच शाळेतच जावं, यात मला शंका वाटत नाही.

अडचण पात्रतेची आहे. कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतल्या २३ व्या कलमानुसार फ्रेंच शाळेचा हक्क ठरावीक कॅनेडियन नागरिकांनाच आहे, म्हणून नव्याने आलेले भारतीय 'आपल्याला लागू नाही' म्हणून माघारी फिरतात. पण हक्क नसलेल्या कुटुंबांसाठी प्रवेश समिती असते. शाळेत थेट अर्ज करा, फ्रान्समधली प्रगतिपुस्तकं आणि वह्या घेऊन जा, मुलाला त्यांच्याशी बोलू द्या. फ्रेंच बोलणारं, फ्रेंच शाळेतून आलेलं मूल ही समितीसमोरची सगळ्यात मजबूत बाजू. आईवडिलांना फ्रेंच बेताचंच येत असेल तर तेही सांगा, आणि घरी अभ्यासाला कशी मदत करणार हेही सांगा.

क्वेबेकमध्ये प्रश्नच येत नाही. १९७७ च्या भाषा-कायद्यामुळे तिथे स्थायिक व्हायला आलेल्या कुटुंबांची मुलं सर्वसाधारणपणे फ्रेंच शाळेतच जातात. मॉन्ट्रियलहून टोरांटोला सरकणाऱ्या मराठी घरांनाही वरचाच मार्ग आहे.

फी न भरता द्विभाषिक शाळा

कॅनडाबाहेरही अशा काही सोयी आहेत, फक्त त्या गल्लीबोळातल्या असतात आणि पत्ता बघून घर घ्यावं लागतं. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत २००७ पासून फ्रेंच-इंग्रजी दुहेरी वर्ग आहेत, ब्रुकलिनच्या पीएस ५८ या शाळेपासून त्यांची सुरुवात झाली. युटा राज्यात सरकारी शाळांमध्ये अर्धा दिवस इंग्रजी, अर्धा दिवस दुसरी भाषा अशी रचना आहे आणि त्या भाषांत फ्रेंच आहे. लंडनला क्लॅपहॅममधल्या विक्स प्राथमिक शाळेत २००६ पासून द्विभाषिक तुकडी आहे. बर्लिनच्या सरकारी युरोपा-शाळांत जर्मन-फ्रेंच शाखा आहे, आणि तिथलं फ्रेंच गिम्नाझिउम (माध्यमिक शाळा) तर १६८९ पासूनचं.

स्थानिक शाळांना फ्रान्सकडून दिला जाणारा 'लाबेल फ्रांसेद्युकासियों' हा शिक्काही बघा. फ्रेंचखेरीज इतर काही विषयही फ्रेंचमधून शिकवणाऱ्या शाळांना तो मिळतो. ही होमोलोगे मान्यता नव्हे, पण शाळेत फ्रेंच नावापुरतं नाही याची ती खूण आहे.

क्नेड: घरबसल्या फ्रेंच अभ्यासक्रम

क्नेड ही फ्रान्सची सरकारी दूरशिक्षण संस्था. १९३९ मध्ये, युद्धामुळे शाळा विस्कळीत झाल्या तेव्हा ती उभी राहिली. मुख्यालय प्वातिएजवळ आहे. तिच्याकडे पूर्ण वर्गाचा अभ्यासक्रमही मिळतो, पण नोकरी करणाऱ्या दोन पालकांच्या घरात तो पेलत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दिवसभर सोबत बसणारं मोठं माणूस लागतं, आणि ते फ्रेंच जाणणारं लागतं.

आपल्या उपयोगाचा आहे तो पूरक अभ्यासक्रम, 'स्कोलारिते कोंप्लेमांतेर अँतेर्नासियोनाल'. मूल दिवसा स्थानिक शाळेत जातं आणि क्नेडकडून फक्त काही विषय करतं. फ्रेंच हा त्याचा गाभा, मोठ्या वर्गांत इतिहास-भूगोलही. गृहपाठ पाठवायचे, ते तपासून गुण आणि शेरे मिळतात. पुढेमागे फ्रेंच शाळेत परतायचं असेल तर मूल्यमापन होणारा, नियमित स्वरूपाचा पर्याय निवडा. नुसतं साहित्य मागवलं तर दाखवायला कागद हाती राहत नाही. आठवड्यातले दोन ठरलेले दिवस, संध्याकाळी तासभर, असं वेळापत्रक ठेवलं तरच हे वर्षभर चालतं. सगळं रविवारवर टाकणाऱ्या घरांत जानेवारीपर्यंत पाकिटं साचतात.

शनिवारचा फ्रेंच वर्ग

लिसे नाही, दुहेरी शाळा नाही, क्नेडचा धीर होत नाही, अशा घरांसाठी 'फ्लाम' संस्था आहेत. फ्रेंच परराष्ट्र मंत्रालयाने २००१ मध्ये ही योजना सुरू केली. परदेशांतले फ्रेंच भाषक पालक एकत्र येऊन मुलांचे वर्ग चालवतात आणि त्यांना थोडं अर्थसाहाय्य मिळतं. आपल्या रविवारच्या मराठी शाळेचंच हे फ्रेंच रूप म्हणा: भाड्याचा हॉल, घडीच्या खुर्च्या, फराळाऐवजी मादलेन केक. ब्रिटन आणि अमेरिकेत असे पुष्कळ वर्ग आहेत. मुलाचं फ्रेंच वयानुसार असेल तर पालक भारतीय आहेत म्हणून सहसा कोणी अडवत नाही.

वर्ग निवडताना एक तास बसून बघायची परवानगी मागा आणि मुलांच्या वह्यांकडे लक्ष द्या. फ्रेंच शाळेची वही सेयेस रेघांची असते: आठ मिलिमीटरचे चौकोन, आत दोन-दोन मिलिमीटरवर फिकट आडव्या रेघा, डावीकडे लाल समास. पोंत्वाजच्या एका पुस्तकविक्रेत्याने १८९२ मध्ये ती आखणी नोंदवली होती. त्या रेघांवर जोडअक्षरी वळणदार लिपीत मुलं श्रुतलेखन लिहितात, शब्दाच्या शेवटचं न उच्चारलं जाणारं एस आणि ईएनटी आठवून आठवून लावतात. इंग्रजी शाळेत गेलेलं मूल तीन-चार महिन्यांत सुटी अक्षरं लिहायला लागतं, आणि अनेकवचनाची ही मूक अक्षरं सगळ्यात आधी गळतात, कारण ती कानाला ऐकूच येत नाहीत. बोलण्यात काही उणं जाणवत नाही, म्हणून पालकांच्या लक्षातही येत नाही. ज्या वर्गात श्रुतलेखन होतं, गोष्ट लिहून घेतात आणि ती तपासून परत देतात, तो वर्ग घ्या. नुसती गाणी आणि रंगकाम असेल तर पाच वर्षांपर्यंत छान, नवव्या वर्षी पुरत नाही.

गणिताची पद्धतही वेगळी असते. दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम, भागाकारात भाजक उजवीकडे आणि भागाकार त्याच्या खाली. मूल दोन्हीकडे शिकत असेल तर शाळेतल्या शिक्षिकेला ही गोष्ट एकदा सांगून ठेवा, म्हणजे बरोबर उत्तरावर फुली पडणार नाही.

भारतात परतताना

भारतात दिल्ली, मुंबई आणि पुदुच्चेरी इथे फ्रेंच आंतरराष्ट्रीय शाळा आहेत. पुदुच्चेरीचं लिसे १८२६ चं, आणि ते एईएफई थेट चालवते. मुंबईची शाळा छोटी आहे, त्यामुळे वरच्या वर्गांत प्रत्यक्ष शिक्षक किती आणि दूरशिक्षणाचा आधार किती, हे नेमकं विचारा.

बाकीच्या मराठी मुलांचा मार्ग सीबीएसई, आयसीएसई, राज्य मंडळ किंवा आयबी-केंब्रिजच्या शाळांतून जातो. बहुतेक ठिकाणी फ्रेंच हा पर्यायी विषय असतो, पण शिकवणं 'बोंजूर, ज माप्पेल' पासून सुरू होतं. मुलाला त्या तासाला वेगळं वाचन द्यावं, अशी विनंती वर्गशिक्षिकेकडे लेखी करा. पुष्कळ शिक्षिका आनंदाने तयार होतात. आयबी शाळा असेल तर फ्रेंच 'ए' पातळीवर, म्हणजे मातृभाषेसारखं, घेता येईल का, केंब्रिज असेल तर आयजीसीएसईचं प्रथम भाषा फ्रेंच घेता येईल का, हे आठवीतच विचारा. पुण्या-मुंबईत आलियाँस फ्रान्सेजची वाचनालयं आहेत. पोहोचल्यावर वर्गाआधी वाचनालयाचं सभासदत्व घ्या.

आणखी एक बाब परतणाऱ्यांच्या ध्यानात नसते. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये वाढलेलं मूल मराठी बोलतं, पण बाराखडी लिहीत नाही. देवनागरी, इंग्रजी वाचन आणि फ्रेंच टिकवणं हे तिन्ही एकाच जूनमध्ये त्याच्या डोक्यावर येतं. म्हणून मूळाक्षरं फ्रान्समध्ये असतानाच, सावकाश सुरू करा.

परीक्षा द्याव्यात का?

डेल्फ परीक्षा फ्रेंच परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी आहेत. लहानांसाठीची डेल्फ प्रिम ए२ या प्राथमिक पातळीवर संपते, त्यामुळे फ्रान्समध्ये शिकलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ती फार सोपी. तिच्या फीचे पैसे पुस्तकांत घाला. किशोरवयीन मुलांसाठीची डेल्फ ज्युनियर बी२ या वरच्या पातळीपर्यंत जाते, आणि बी२ मात्र चौदा-पंधराव्या वर्षी देऊन टाकणं शहाणपणाचं. प्रमाणपत्राला मुदत नसते आणि विद्यापीठाच्या अर्जात ते कामी येतं. अमेरिकेत एपी फ्रेंच, ब्रिटनमध्ये जीसीएसई आणि ए लेव्हल हे त्यासारखेच पर्याय.

बाक झालेल्या मुलाला, पासपोर्ट भारतीय असला तरी, फ्रान्समधल्या पदवी प्रवेशासाठी पार्कूरस्युप या सरकारी संकेतस्थळावरून अर्ज करता येतो आणि वेगळी भाषा परीक्षा लागत नाही. लिसेची फी भरायची की नाही हे ठरवताना हा मुद्दा तराजूत टाका.

घरात कुठली भाषा?

फ्रेंच टिकावं म्हणून काही आईवडील घरात मराठी थांबवून आपल्या शिकाऊ फ्रेंचमध्ये बोलायला लागतात. हे करू नका. मुलाच्या फ्रेंचला तुमच्या चुकांचा आधार लागत नाही, आणि मराठी एकदा आईच्या तोंडून थांबली की परदेशात तिला दुसरा वालीच नसतो. आजीशी फोनवर बोलणं, सणावाराचं घर, रागावणं, लाड, सगळं मराठीत चालू राहू द्या. फ्रेंचला तिची स्वतःची माणसं मिळवून द्या: जुन्या शाळेतली मैत्रीण आठवड्यातून एकदा व्हिडिओवर, फ्रेंच बोलणारी एखादी कॉलेजची मुलगी बुधवारी दोन तास सांभाळायला, उन्हाळ्यात जमलं तर फ्रान्समधलं एखादं शिबिर. घरात एक आई किंवा बाबा फ्रेंच असेल, तर त्याने किंवा तिने फ्रेंच सोडू नये, दुसऱ्याने मराठी सोडू नये.

वाचन रोज, झोपण्याआधी, पंधरा-वीस मिनिटं. फ्रेंच बालमासिकं परदेशी पत्त्यावर वर्गणी भरून मागवता येतात आणि स्वतःच्या नावाने आलेलं पाकीट मूल लगेच फोडतं. फ्रान्स सोडताना कपडे कमी घ्या, पण पुढच्या दोन इयत्तांची गोष्टींची पुस्तकं जुन्या बाजारातून उचलून आणा. तुमचे उच्चार कच्चे असले तरी मुलाला मोठ्याने वाचायला लावून ऐकता येतं. वाचून झाल्यावर काय झालं ते त्याने तुम्हाला मराठीत सांगायचं. शनिवारचा फ्रेंच वर्ग आणि रविवारची मराठी शाळा एकाच आठवड्यात झेपत नसेल, तर मराठी शाळा एक आड एक रविवारी करा, क्रिकेट किंवा पोहणं मधल्या वारी हलवा, आणि सत्राच्या मध्यावर मुलालाच विचारा की कुठला तास जड जातोय.